पेपरातल्या भानगडी आणि पेटीतले मत



या सदरात आपण एरवी बोंडअळीबद्दल, सोयाबीनच्या उगवणीबद्दल, फार तर गोठ्यातल्या गोचिडांबद्दल बोलतो. आज जरा धुरा ओलांडून पलीकडे जायचे आहे. आर्णी तालुक्यातल्या एका तरुण वाचकाने पत्र पाठवून विचारले आहे की, "ज्या पुढाऱ्याच्या भानगडी रोज पेपरात येतात, त्यालाच आमच्या गावातले लोक पुन्हा पुन्हा मते देतात. माझे वडीलसुद्धा देतात. शेतकरी अडाणी आहे म्हणून असे होते काय?"

प्रश्न फवारणीचा नाही, तरी टाळण्यासारखाही नाही. मी सरकारी नोकर आहे. मत कोणाला द्यावे हे सांगणे माझे काम नव्हे आणि मला तसा अधिकारही नाही. पण तीस वर्षे खेड्यापाड्यांतून फिरताना जे दिसले, ते सांगायला हरकत नसावी. अडाणीपणाचे उत्तर मात्र मी आधीच खोडून टाकतो. जो माणूस ढगाकडे पाहून पेरणी चार दिवस पुढे ढकलतो आणि अडत्याच्या बोटांवरून भाव ओळखतो, त्याला माणूस ओळखता येत नाही असे म्हणणे मला तरी पटत नाही.

यासाठी लांब जायला नको. आपल्या यवतमाळचेच उदाहरण आहे. जांबुवंतराव धोटे हे नाव तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नकोच. १९६२ साली ते यवतमाळमधून विधानसभेवर गेले. १९६४ साली भर सभागृहात त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला. अध्यक्ष होते बाळासाहेब भारदे, सर्वोदयी वळणाचे सभ्य गृहस्थ. सभागृहाने धोट्यांचे सदस्यत्व काढून घेतले. महाराष्ट्राच्या विधानसभेत असे पूर्वी घडलेले नव्हते. शहाण्या लोकांनी म्हटले, संपला हा माणूस. यवतमाळच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा त्या सभागृहात नेऊन बसवले.

आता मी काही पेपरवेट फेकण्याची तरफदारी करत नाही. ते चुकीचेच होते, आणि ज्यांच्या दिशेने फेकला त्यांचा त्यात काही दोष असेल असे मला वाटत नाही. पण माझे वडील त्या काळी कापसाची गाडी घेऊन यवतमाळच्या बाजारात जात आणि सभा असली की बैल सोडून ऐकायला थांबत. त्यांना मी कॉलेजात शिकत असताना एकदा जरा तोऱ्यातच विचारले होते की, बाबा, असल्या माणसाला तुम्ही मते कशी दिली? ते विडी विझवून म्हणाले, "आपल्याले बोलता येत नाही ना बाप्पा. थो बोलते."

एवढेच. पुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण नोकरी लागल्यावर, कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसू लागल्यावर, ते वाक्य मला हळूहळू कळत गेले. खिडकीबाहेर जो तासभर उभा राहतो, ज्याला आतला माणूस मान वर करून पाहत नाही, त्याच्या मनात किती वेळा काहीतरी भिरकावण्याचे येत असेल! तो भिरकावत नाही. टोपी सावरून घरी जातो. त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच्याच बोलीत बोलणारा एक माणूस मुंबईच्या त्या मोठ्या सभागृहात जाऊन भिरकावतो, तेव्हा शहरातल्या वाचकाला बेशिस्त दिसते आणि ह्याला स्वतःचा हात दिसतो. मग शहरातले लोक हसू लागले, नावे ठेवू लागले, की ह्याला वाटते हसू आपल्यालाच येत आहे. टीका जितकी वाढते तितके मत पक्के होते. पेपरवाल्यांच्या हे कधी लक्षात येत नाही.

एक गंमत पाहा. त्याच वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण होते? वसंतराव नाईक, आपल्याच जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुलीचे. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, इतकी वर्षे ते मुख्यमंत्री राहिले. त्यांची जयंती, १ जुलै, आपण कृषी दिन म्हणून साजरी करतो. म्हणजे जिल्हा एक, आणि त्याच जिल्ह्याने सरकार चालवणाराही दिला आणि सरकारवर धावून जाणाराही दिला. पुसदकडे नाईकांवर निष्ठा, यवतमाळकडे धोट्यांवर. त्यात जात, नातेगोते, गटतट होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री काय चालते तेही मला माहीत आहे आणि तुम्हालाही. पण नुसत्या तेवढ्याने माणूस पंचवीस-तीस वर्षे एका नावाला धरून राहत नाही.

आणि धोट्यांच्या नावावर एक गोष्ट अशी आहे की जी मला नाकारताच येत नाही, कारण माझी भाकरी तिच्यावर चालते. महाराष्ट्राचे पहिले कृषी विद्यापीठ १९६८ साली राहुरीला झाले. विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे, ते अकोल्यालाच हवे, म्हणून त्या सुमारास वऱ्हाडात मोठे आंदोलन झाले. धोटे त्याच्या अग्रभागी होते. गोळीबार झाला, त्यात माणसे गेली. शेवटी २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ उभे राहिले. ते उभे केले नाईकांच्याच सरकारने, हेही सांगितले पाहिजे. त्या विद्यापीठात मी बी. एस्सी. झालो. चार एकर कोरडवाहू शेती असलेल्या माणसाचा मुलगा राहुरीला जाऊन शिकला असता काय? मला नाही वाटत. तेव्हा धोट्यांचे मूल्यमापन करायला मी बसलो तर माझी तराजू आधीच एका बाजूला झुकलेली आहे. तुमच्या वडिलांची तराजूही कदाचित अशीच कशाने तरी झुकलेली असेल. ते कशाने, हे एकदा त्यांना विचारून पाहा. पत्रात तसे विचारल्याचे दिसले नाही.

आता माझ्याच टेबलावरची गोष्ट सांगतो. सांगताना बरे वाटत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या ठिकाणी होतो. एक विधवा बाई पाठीवरचा फवारणी पंप अनुदानावर मिळावा म्हणून अर्ज घेऊन आल्या. तीन एकर पऱ्हाटी, दोन लहान मुले. सातबारा पाहिला तर तो मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. वारसाचा फेरफार झालेला नव्हता. मी सांगितले, बाई, आधी तलाठ्याकडे जा, नाव चढवून आणा. त्या गेल्या. पंधरा दिवसांनी परत आल्या, नाव चढलेले नव्हते. मी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा कपाशीवर तुडतुडे पडलेले होते आणि त्या शेजाऱ्याचा पंप दिवसाच्या भाड्याने आणत होत्या. मी पुन्हा तेच सांगितले. नियमाने मी बरोबर होतो. कोणत्याही तपासणीत माझ्यावर ठपका आला नसता. पण त्या तीन खेपांत मी त्यांना एकदाही "बसा" म्हटले नव्हते, हे मला तेव्हा जाणवलेसुद्धा नाही.

चौथ्यांदा त्यांच्याबरोबर एका पुढाऱ्याचा माणूस आला. पुढाऱ्याचे नाव घेत नाही. त्यांच्याशी संबंध असलेल्या एका पतसंस्थेत लोकांच्या ठेवी बुडाल्याच्या बातम्या त्या वर्षी गाजत होत्या. कार्यकर्त्याने खिशातून फोन काढला, तलाठ्याला लावला, दोन वाक्ये बोलला. फेरफाराची जी मुदत असते ती धरून जितक्या दिवसांत काम व्हायला हवे होते, तितक्या दिवसांत ते झाले. म्हणजे वशिल्याने काही जादा मिळाले नाही. हक्काचे तेवढेच मिळाले, पण फोन लागल्यावर मिळाले. बाई सातबारा घेऊन आल्या, मी सही केली, पंप दिला.

त्या साली निवडणूक झाली. पुढारी भरघोस मतांनी आले. नंतर शेतीशाळेच्या निमित्ताने त्या गावी गेलो असता बाई बांधावर भेटल्या. मी हसत हसत म्हटले, काय बाई, पतसंस्थेचे एवढे छापून आले तरी तुमच्या गावाने त्यांनाच मते दिली! त्या हसल्या नाहीत.

"साहेब, पेपरात काय छापून येते थे मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "माह्या भावाचे तीस हजार त्याच पतसंस्थेत गेले. थो काही देवमाणूस नाही. पण मी तुमच्याकडे तीन खेपा मारल्या, तुमी काय केलं? पेपरवाला आला होता काय माह्यासोबत तलाठ्याकडे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण तेव्हा मी तरुणपणाच्या ऐटीत नसलो तरी साहेबपणाच्या ऐटीत होतोच, म्हणून मी त्यांना बियाण्याचे उदाहरण दिले. हे उदाहरण मी सभांतूनही देत असे. म्हटले, बाई, सोयाबीनचे बियाणे मागच्या साली चांगले उगवले म्हणून यंदा तसेच पेरता काय? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता, सात-आठ दिवसांनी मोड आलेले मोजता, सत्तरच्या वर आले तर पेरता, कमी आले तर बियाणे वाढवता नाहीतर बदलता. मग पुढाऱ्याची उगवण दर पाच वर्षांनी का तपासत नाही?

त्यांनी कमरेवर हात ठेवून ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "दुसरं बियानं दुकानात हाये कुठं, साहेब? थैली वेगळी, नाव वेगळं, आत तेच. मंग जो वळखीचा हाये थोच बरा. निदान फोन तरी उचलते."

त्या दिवसापासून ते उदाहरण मी सभेत देणे बंद केले आहे.

पत्रलेखक मित्रा, तुझ्या प्रश्नाचे जे काही उत्तर माझ्याजवळ आहे ते या बाईच्या बोलण्यात आहे. भानगड ही सगळ्यांची असते. सरकारचा पैसा, पतसंस्थेचा पैसा, कोणाचा तरी जमिनीचा व्यवहार. उपकार हा आपल्या एकट्याचा असतो. भानगडीची बातमी कागदावर येते. उपकार माणसाच्या पायाने दारात येतो. दोन्ही आपल्याला माहीत असतात, पण ही दोन्ही खाती आपण एका पानावर मांडत नाही. त्या बाईंच्या मनात भावाचे तीस हजार एका पानावर होते आणि पंप दुसऱ्या पानावर. पंपाची किंमत ती काय, अनुदान धरून हजार-दोन हजार. हिशेबाने पाहिले तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. पण अपमानाची किंमत त्यात धरली तर तसा राहत नाही, आणि ती आपण कचेरीतले लोक कधी धरत नाही.

हे फक्त आपल्याकडेच चालते असे समजू नका. कोकणातले बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होते. विहीर बांधायला चार पोती हवी असली तरी परवाना लागे, जुन्या लोकांना ते हाल आठवत असतील. बांधकामवाल्यांना कोट्यापेक्षा जास्त सिमेंट आणि त्याच्या मोबदल्यात ट्रस्टला देणग्या, असे ते प्रकरण. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला, शिक्षा झाली नाही. पण इकडे सिमेंट म्हटले की अंतुले असे समीकरण होऊन बसले, आणि तिकडे रायगडच्या लोकांनी त्यांना १९८५ मध्ये विधानसभेत आणि १९८९ पासून अनेकदा लोकसभेत पाठवले.

आता त्याच अंतुल्यांच्या कारकिर्दीत १९८० साली एक योजना सुरू झाली, संजय गांधी निराधार अनुदान योजना. हे नाव तुमच्या गावातल्या एखाद्या म्हातारीपुढे घ्या, तिच्या चेहऱ्यावर काय दिसते ते पाहा. चाळीस वर्षांहून जास्त काळ ती चालू आहे, आणि २०२३ पासून तिचे दरमहा १५०० रुपये झाले. सिमेंटची पोती कुठल्या इमारतीत गेली हे त्या म्हातारीला कळणे शक्य नव्हते. पोस्टमनने हातावर ठेवलेल्या नोटा मात्र तिला मोजता येत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. न म्हातारीच्या घरी, न कोर्टात.

कापूस पिकवणाऱ्यांच्या दुसऱ्या एका मुलखाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १९२८ साली ह्युई लाँग नावाचा माणूस गव्हर्नर झाला. शाळेतल्या पोरांना फुकट पुस्तके दिली, चिखलाच्या वाटांचे पक्के रस्ते केले, पूल बांधले. विरोधकांना चिरडले, नोकऱ्या आपल्या माणसांना वाटल्या आणि त्या नोकरदारांच्या पगारातून पक्षासाठी पैसा कापला. १९२९ मध्ये त्याला पदावरून काढण्याचा खटला उभा राहिला, तोही त्याने आमदारांना आपल्याकडे वळवून हाणून पाडला. १९३१ मध्ये कापसाचे भाव कोसळले तेव्हा त्याने सुचवले की एक वर्ष कोणीच कापूस पेरू नये, म्हणजे भाव चढेल. लुइझियानाने तसा कायदाही केला. शेजारच्या टेक्सासने मानले नाही आणि बेत फसला. फसला, पण शेतकऱ्यांच्या लक्षात काय राहिले? आपल्या भावासाठी कोणीतरी असा वेडा विचार केला, हे राहिले. १९३५ मध्ये गोळी लागून तो मेला, तेव्हा चिखलातले लोक शेकडो कोसांवरून आले होते.

आपल्याकडच्या कापसाचे काय झाले? १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना आली, बऱ्याच वर्षांनी ती गुंडाळली गेली. मधल्या काळात किती सभा झाल्या, किती पुढारी कापसाच्या बोंडांचे हार गळ्यात घालून फिरले, ते तुम्ही पाहिले आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव आज देशभर कशासाठी घेतले जाते, ते मी इथे लिहीत नाही, तुमच्यापैकी काहींच्या घरातलेच ते दुःख आहे. इथे मला निष्ठेची दुसरी बाजू दिसते आणि ती मी लपवणार नाही. ज्याच्यावर निष्ठा ठेवली त्याला आपण छोट्या कामाचे विचारतो, मोठ्या कामाचे विचारत नाही. फेरफार, पंप, दवाखान्यातली चिठ्ठी, पोराची नोकरी, एवढे त्याने केले की पाच वर्षांचे देणे फिटले. सिंचनाचे काय, कापसावर प्रक्रिया करणारे उद्योग इथे का टिकले नाहीत, हे प्रश्न कोणाच्याच खात्यावर लिहिले जात नाहीत. पुढाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते. खिडकी सुधारली तर त्याच्या फोनची किंमत काय उरेल? म्हणून खिडकी तशीच राहते. हा दोष मतदाराचा मी मानत नाही, पण नुकसान त्याचेच होते.

आणि निष्ठा म्हणजे डोळे मिटलेली भक्ती, असेही नाही. धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉककडून नागपुरातून लोकसभेवर गेले. तेव्हा सगळीकडे इंदिराबाईंची लाट होती, ती त्यांनी नागपुरात अडवली. १९८० मध्ये तेच धोटे इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर तिथूनच पुन्हा खासदार झाले. माझ्या वडिलांना ते आवडले नव्हते. "ज्याच्याशी भांडला त्याच्याच घरी जेवायला बसला" असे ते म्हणत. पुढच्या काळात स्वतंत्र विदर्भासाठी धोटे बोलत राहिले, २००२ मध्ये त्यांनी स्वतःचा वेगळा पक्षही काढला, पण मते पूर्वीसारखी मिळाली नाहीत. ऐकायला मात्र लोक येत. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी यवतमाळातच ते वारले. वडील तोवर हयात नव्हते, नाहीतर ते काय म्हणाले असते ते मला ऐकायचे होते.

आता पैसा सरळ बँकेच्या खात्यात येतो. किसान सन्मानचा हप्ता येतो, बहिणींचे दीड हजार येतात, मध्ये कोणी हात घालत नाही. मला वाटले होते की यामुळे पुढाऱ्याच्या माणसाचे काम संपेल. तसे झालेले नाही. केवायसी अडते, आधार जुळत नाही, राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. खिडकी गेली आणि तिच्या जागी यंत्र आले, आणि यंत्राला तर "बसा" म्हणताच येत नाही.

मी आता टेबलासमोर दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. आलेल्याला आधी बसवतो, मग कागद पाहतो. कागद अपुरा असला तर कुठे, कोणाकडे जायचे ते चिठ्ठीवर लिहून देतो, जमले तर स्वतः फोन करतो. मोठे काही करतो असा दावा नाही. गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले, ठशाचीच अडचण. मी त्यांना म्हटले, काका, बसा, मी येतो तुमच्यासोबत केंद्रावर. चष्मा काढून ठेवला, चप्पल शोधली. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. "साहेब, आपला म्हातारा तिथं आला असंन, जरा पाहून घ्या," पलीकडून एक कार्यकर्ता बोलत होता. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि त्या फोनला हात जोडले.